रूबी, बकरी आणि तोडलेली केबल

मार्च लागला की मला सगळ्यांचा संशय येतो. हा माझा स्वभाव आहेच, पण आता ते कामही झालंय. बदलापूरच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते आणि दहावीच्या पेपरांना मला सुपरव्हिजन लागते. वर्गात शिरल्या शिरल्या मी पहिल्यांदा मुलांचे चेहरे बघत नाही, कंपासपेट्या बघते. जो मुलगा फार शांत बसलाय त्याच्या बाकाजवळून मी दोनदा जाते. रुमालाने सारखा घाम पुसणाऱ्या मुलीचा रुमाल मी एकदा उलगडून बघितला होता. त्यात घामच होता. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला माहितीची होती. तशी नजर मी एकदाच, फार वर्षांपूर्वी, अंबरनाथला आमच्या बिल्डिंगच्या नळावर पाहिली होती.

यंदा एका मुलाच्या कंपासपेटीच्या झाकणावर जपानी कार्टूनमधल्या मुलीचं चित्र होतं, मोठ्या डोळ्यांचं. मी ते झाकण उघडून मिटून, खाली-वर करून पाहिलं. घरी आल्यावर सईला, माझ्या मुलीला, ते सांगितलं, तर ती हसली. या विषयात ती पंडित आहे. तिने असल्या पन्नासेक तरी मालिका पाहिल्यात आणि प्रत्येकीला दहापैकी मार्क दिलेत, तेही माझ्यापेक्षा कडक हाताने.

"अ‍ॅनिमे म्हणतात त्याला, कार्टून नाही," ती म्हणाली. "तुझ्या वेळी होतं तरी का असलं काही?"

होतं. आम्ही त्याला कार्टूनच म्हणायचो. आणि त्यातलं एक असं होतं, की त्याच्यापुढे तुझे ते दहापैकी दहा पाणी भरतील, असं मी तिला सांगून बसले. सांगितलं आणि मग माझा मलाच संशय यायला लागला.

नव्वदीतली ती वर्षं. अंबरनाथ पूर्वेला, तीन मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मार्चमध्ये वाऱ्याची दिशा बदलली की कंपन्यांचा आंबूस वास घरात यायचा आणि त्यातच खालच्या आंब्याचा मोहोर मिसळायचा. अजून मला मोहोराचा नुसता वास आला तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. केबल नुकतीच आली होती आणि गच्चीवरचे अँटेना उतरले होते, दूरदर्शनही आता त्याच वायरीतून यायचं. केबलवाला हरीशभाई उल्हासनगरच्या कॅम्पातून स्कूटरवर यायचा, खांद्यावर वायरचं वेटोळं, शर्टाच्या खिशात पेचकस. चढायला त्याला शिडी लागत नसे, खिडक्यांच्या छज्ज्यांवरून तो मांजरासारखा वर जायचा.

त्या केबलवर संध्याकाळी साडेपाचला ती मालिका लागायची. जपानी चित्रं, हिंदी आवाज. आवाज देणारी माणसं तीनच असावीत, कारण आजोबा, दुकानदार आणि राक्षस एकाच घशातून बोलायचे. एका बेटावरचा वारा थांबलेला असतो. होड्या हलत नाहीत, पवनचक्क्या फिरत नाहीत, वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत. मग पतंग करणाऱ्याची मुलगी वारा शोधायला निघते. हिंदीवाल्यांनी तिचं नाव रूबी ठेवलं होतं. सोबत एक चिडकी बकरी आणि एक म्हातारा पोस्टमन. बस, एवढंच. पण जूनपासून जानेवारीपर्यंत मी आणि शेजारची सुजाता, दोघींनी एक भाग चुकवला नाही. कधी आमच्याकडे, कधी त्यांच्याकडे, लादीवर पालथं पडून, हनुवटीखाली उशी.

सुजाता नववीत, मी दहावीत. दोन्ही घरांमध्ये एक भिंत. तिच्या आईला मी शांतामावशी म्हणायचे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली टीव्ही आणि टीव्हीवर मावशींनी स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर. ते कव्हर वर सारून मग बटण दाबायचं. मावशींना रविवारचा मराठी सिनेमा लागायचा. सिनेमात कोणी रडलं की त्याही रडायच्या, आणि आम्ही पाहिलं तर म्हणायच्या, "कांदा चिरलाय."

फेब्रुवारीच्या आधी आमच्याकडे केबल बंद झाली. दहावी असलेल्या घरात ती बंद व्हायचीच, तसा रिवाजच होता. कोणी टीव्हीला चादर गुंडाळून माळ्यावर चढवायचं, कोणी बटणाचा खटका काढून खिशात घेऊन ऑफिसला जायचं. त्यावर शेजारीपाजारी खूष असायचे. मुलाने किती मार्क मिळवले हे नंतर, आधी त्याच्या आईबापांनी किती कडकपणा केला ते मोजलं जायचं. पप्पांनी आधी नुसती टीव्हीमागची वायर काढली. पण माझे पप्पा ते माझेच पप्पा. कंपनीतून आले की चप्पल काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवायचे, गरम लागतो का ते बघायला. दोनदा लागला. मग त्यांनी हरीशभाईला बोलावलं आणि सांगितलं, घरात नको, बाहेर पॅसेजच्या वर जिथून लाइन येते तिथूनच तोड, म्हणजे हिला जोडता येणार नाही.

"अंकल, इतना शक? बच्ची पे?" हरीशभाई म्हणाला.

"तुम काटो," पप्पा म्हणाले.

संशय आमच्याकडे वारशाने आलाय, हे मी मघाशी सांगायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी सहाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी खालच्या नळावर यायचं, सहा ते सात. आईने मला परीक्षेपर्यंत सगळ्या कामांतून सुट्टी दिली होती, पण पाणी मीच भरणार म्हणून मी हट्ट धरला. नळावर सुजाता भेटणार होती. ती आली. कळशी खाली ठेवायच्या आत मी विचारलं, "आज काय झालं?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "आज ना, बकरी रुसली."

आणि तिने सांगितलं. उभं राहून, कळशी कमरेवर, एका हाताने हातवारे. बकरी बोलली की ती नाकातून बोलायची, पोस्टमन बोलला की वाकून. रांगेतल्या बायकाही कान द्यायला लागल्या. वीस मिनिटांत सगळा भाग झाला आणि तो मी बघितलेल्या कुठल्याही भागापेक्षा चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दिवसभर मी प्रमेयं घोकायची ती सहा वाजण्याकडे डोळे लावून.

आईला यात काळंबेरं दिसलं. "ती तुझा वेळ खाते," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी तिची दहावी. तुझ्यापेक्षा पुढे जायचं असेल तिला."

मी आईशी भांडले. पण संशय हा ढेकणासारखा असतो, एक घरात आला की गादी टाकून दिली तरी जात नाही. मी सुजाताकडे बारकाईने बघायला लागले. सोमवारी पोस्टमनच्या डाव्या पायात चमक भरली होती, गुरुवारी तो उजव्या पायाने लंगडत होता. मी लगेच धरलं. ती म्हणाली, "अगं, आरशात दाखवला ना त्याला." मी मनात खूण करून ठेवली.

मग दुसरं. साडेपाच वाजले की त्यांचं दार बंद. एरवी त्यांचं दार कधी बंद नसे, मांजरं त्यांच्या घरातून आरपार जायची. आता बरोबर साडेपाचला कडी. मी एकदा काहीतरी निमित्त काढून साडेचारला गेले, तर टीव्हीवर क्रोशाचं कव्हर, चारी बाजूंनी नीट ओढलेलं, वर फुलदाणी. माझ्यापासून लपवतात, मी म्हटलं. मी येऊन बसू नये म्हणून दार लावतात. एके दिवशी मी भूगोलाचं पुस्तक हातात धरून भिंतीला कान लावला. पलीकडे काहीही ऐकू येत नव्हतं. म्हणजे आवाज बंद करून बघतायत! माझ्या बुद्धीला तेव्हा एवढंच सुचलं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला.

पण गोष्ट मात्र दिवसेंदिवस वेड लावत चालली होती. एका गावातल्या नदीचा रंग रोज बदलायचा, आज लाल, उद्या निळा, आणि गावातले लोक त्या दिवशीच्या रंगावरून वार ओळखायचे. रूबीने त्या नदीत हात घातला आणि तिचा हात तीन दिवस जांभळा राहिला. उल्हासनगरला जाताना पुलावरून वालधुनी नदी आम्ही दोघींनीही शंभर वेळा पाहिली होती, रंगाच्या कारखान्यांचं पाणी पोटात घेऊन वाहणारी. तरी मला ती त्या गोष्टीत ओळखू आली नाही. मला ते सगळं जपान वाटलं.

आणि एकदा विहिरीचा भाग आला. रूबी, पोस्टमन आणि बकरी एका गावात पोचतात, तहानेने व्याकूळ. विहिरीवर गेले तर गावकरी म्हणतात, तुम्ही पाणी काढायचं नाही, तुमचा हात लागला तर पाणी बाटेल. बकरीला मात्र पिऊ देतात. बकरी पाण्याजवळ जाते, वाकते, आणि तोंड न लावता परत येऊन रूबीच्या शेजारी बसते. रात्रभर बसते.

नळावर एका बाईची बादली भरून वाहत होती, तिला भान नव्हतं. मीच म्हणाले, "जपानात असं कुठे असतं?"

"असतं सगळीकडे," सुजाता म्हणाली आणि कळशी उचलून गेली.

आज मी वर्गात भूगोल शिकवते, तेव्हा मला माहीत आहे की माणसं सगळीकडे असं करतात. तेव्हा माहीत नव्हतं. शेजारच्या घरात ज्यांचा फोटो होता, त्यांनी तहानेसाठी काय केलं ते मी इतिहासात चार मार्कांसाठी पाठ केलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की ही काहीतरी बनवतेय.

परीक्षा आठवड्यावर आली. क्लासमध्ये माझ्या बाकावर कविता नावाची सिंधी मुलगी बसायची, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून येणारी. तिच्या घरी केबल चालू होती. त्यांच्याकडे दहावीचं एवढं कौतुकच नव्हतं. तिला मी विचारलं, "कल रूबी में क्या हुआ?"

"कल? कुछ नहीं यार, पतंग का कॉम्पिटिशन था. बोर."

"और वो कुएँ वाला?"

"कौन सा कुआँ?"

मी तिला नदी विचारली, जांभळा हात विचारला, रुसलेली बकरी विचारली. कविता माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू पढ़-पढ़ के पागल हो गई है, सच्ची."

त्या दिवशी मी सहाची वाट पाहिली नाही, पावणेसहालाच नळावर जाऊन उभी राहिले. सुजाता आली. चेहरा उजळलेला होता, आज काहीतरी मोठं सांगायचं होतं तिला. ती म्हणाली, "ज्योती, आज ना..."

"खोटारडी," मी म्हणाले. बारा-पंधरा बायका होत्या रांगेत. "एकही भाग खरा नाही सांगितलास. सगळं बनवून सांगतेस. माझा वेळ खायला. मला नापास करायला. आई म्हणत होती ते खरंय."

सुजाता नुसती बघत राहिली. ती नजर मी वर सांगितलीच आहे. शांतामावशी मागेच उभ्या होत्या, हंडा घेऊन. मला वाटलं त्या आता मला बोलतील, आणि मी त्यालाही तयार होते. त्या पुढे आल्या, माझी भरलेली कळशी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "जा बाळा, अभ्यासाला बस. पाणी मी आणून देते वर." आणि खरंच दिलं आणून.

पेपर झाले. मला त्या पेपरांतलं काही आठवत नाही. शेवटच्या पेपरच्या दिवशी पप्पांनी पेढे आणले आणि हरीशभाईला बोलावलं. तो छज्ज्यावर चढला, पॅसेजच्या वरची डबी उघडली, वायर जोडली. आमच्या टीव्हीवर चित्र आलं. आणि खाली उतरून हा माणूस आमच्या घरात बघायला न येता सरळ शेजारच्या दारात गेला आणि म्हणाला, "भाभी, देखो, आपका भी आया क्या?"

पप्पांनी विचारलं, "त्यांचं का?"

"दोनों का लाइन एक ही है न अंकल. आपका काटा तो उनका भी गया. उसी दिन से बंद है."

पप्पांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, तो तसाच राहिला. "मग बोलले का नाहीत? तू क्यों नहीं बोला?"

"मैं बोला था भाभी को, अलग खींच देता हूँ. भाभी बोली, रहने दो. दीवार ठोकेगा, आवाज होगा, बाजू में बच्ची का दसवीं है. और बोली, आपको नहीं बताने का. बताया तो आप वापस जुड़वा देंगे."

पप्पा लगेच शेजारी गेले. मी गेले नाही. मी आमच्या मोरीत जाऊन नळ सोडला. वर त्याला पाणी चढायचंच नाही, तरी सोडून बसले. माझी मलाच लाज वाटत होती. जवळजवळ दोन महिने त्या घराने टीव्ही पाहिला नव्हता. मावशींचे रविवारचे सिनेमे गेले होते. आणि नववीतली एक मुलगी, जिने त्या काळात मालिकेचं एक चित्रही पाहिलं नव्हतं, रोज सहा वाजता माझ्यासाठी एक भाग घेऊन नळावर यायची.

पुढे कितीतरी वर्षांनी, बदलापूरच्या मांजर्लीला सुजाताच्या लग्नात, मावशींनी मला बंद दाराचं कारण सांगितलं. "साडेपाच वाजले की ती मोरीपाशी जाऊन बसायची," त्या म्हणाल्या. "कोणाला बोलू द्यायची नाही. हातात काही नसायचं, वही नाही, पेन नाही. नुसती बसायची भिंतीकडं बघत. मी म्हणायचे, अगं काहीतरी थातूरमातूर सांग तिला. तर म्हणायची, नाही आई, ज्योतीला लगेच कळतं."

मला काहीच कळत नव्हतं. पण तिला मी एवढी हुशार वाटत होते.

आमचं बोलणं परत सुरू झालं, दोन-तीन दिवसांतच. त्या वयात अबोला फार टिकत नाही. चिंचा, निकाल, नवीन ड्रेस, सगळं बोललो. पण रूबीचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. साडेपाचला मालिका लागली की ती म्हणायची, "चल, खाली जाऊ." मे महिन्यात त्यांनी बदलापूरला घर घेतलं आणि ते गेले. मालिका कधी संपली ते मला माहीत नाही.

सईने ती शोधून काढली. इंटरनेटवर कोणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेली, चित्रावर आडव्या रेघा, आवाज तेच तिघांचे. मागच्या महिन्यात आम्ही दोघींनी सगळे भाग पाहिले. मी तर पेपर तपासताना बघते तशी, लाल पेन हातात घेतल्यासारखी. पतंगांची स्पर्धा होती. पोस्टमन कुठेच लंगडत नव्हता. शेवटी डोंगरातल्या गुहेचं दार उघडतं, वारा बाहेर येतो, सगळे टाळ्या वाजवतात. सई जांभई देत म्हणाली, "दहापैकी पाच. आई, यात विहीर कुठेय? तू सांगितलेलं काहीच नाहीये यात. तू नक्की हीच बघायचीस?"

माझ्या पोरीच्या डोळ्यांत मला आमच्या घराचा वारसा लख्ख दिसला.

दुसऱ्याच रविवारी मी मांजर्लीला गेले. आम्ही दोघी एकाच गावात राहतो, भाजीबाजारात भेटतो, हळदीकुंकवापेक्षा बाळंतपणं आणि आजारपणं यांनाच एकमेकींकडे जातो. सुजाता आता पाळणाघर चालवते. तिच्याकडच्या पोरांना ती गोष्टी सांगते का, असं मला वर्षानुवर्षं विचारावंसं वाटलंय, आणि मी विचारलेलं नाही. ती गवार मोडत बसली होती. मीही समोर बसून मोडायला लागले. मूठभर मोडून झाल्यावर म्हणाले, "मी तुला नळावर खोटारडी म्हणाले होते."

तिने वर पाहिलं नाही. "खोटंच सांगत होते की मी," ती म्हणाली.

"सुजाता, मी चुकले. तेव्हाच सांगायला हवं होतं. जमलं नाही."

"माहितीये गं मला." तिने माझ्या पुढ्यातली न मोडलेली एक शेंग उचलली, मोडली आणि टोपलीत टाकली. "तू कळशी आईपाशी सोडून पळालीस तेव्हाच कळलं होतं."

मग मी ज्यासाठी गेले होते ते विचारलं. "त्या दिवशी तू काहीतरी मोठं सांगणार होतीस. तुझा चेहरा मला आठवतो. कुठला भाग होता तो?"

"शेवटचा," ती म्हणाली. "तुझी परीक्षा सुरू होणार होती ना. म्हटलं, त्याआधी संपवून टाकावं. तुझं डोकं मोकळं होईल."

"वारा सापडतो त्यांना?"

तिचे हात थांबले. फार नाही, एखादी शेंग मोडायला लागतो तेवढाच वेळ. चेहरा तसाच उजळला, अगदी तसाच, आणि पुन्हा पूर्वीसारखा झाला.

"आता कुठलं आठवायला," ती म्हणाली. "किती वर्षं झाली."

तिला आठवत होतं. माझी खात्री आहे. उभं आयुष्य लोकांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखण्यात गेलंय माझं, आणि माझ्यासमोर बसून ती धडधडीत खोटं बोलत होती. मी "हो ना," म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.